गव्हाविना भरलेले ताट

उतारवयात थकवा जाणवू लागला, वजन उतरले, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढेना, की आपण सारा दोष वयाला देतो. मात्र कधी कधी या लक्षणांमागे सिलिअॅक हा विकार दडलेला असतो. साठीनंतरही त्याचे निदान होते. जुलाब वा पोटफुगी असेलच असे नाही. हाडांचा ठिसूळपणा हीदेखील त्याची खूण असू शकते.

गहू, जव व राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. जन्मतः तशी प्रवृत्ती असलेल्या काही व्यक्तींमध्ये त्यामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजतात आणि पोटभर जेवूनही पोषण होत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलंडमध्ये पावाची टंचाई झाली, तेव्हा ही आजारी मुले सुधारल्याचे डॉ. विलेम डिके यांच्या ध्यानी आले. १९५० मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा संबंध मांडला.

निदानासाठी प्रथम रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करतात. पुढे बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. त्याआधी स्वतःच्या मनाने पोळी बंद करू नये. तपासणी फसवी ठरते. निदान झाल्यावर मात्र पथ्य आजन्म पाळावे लागते. ‘एखादा घास चालेल’ ही सवलत येथे नाही.

नाशिककरांना हे पथ्य तितकेसे परके नाही. पेठ-सुरगाण्याची नागली, इगतपुरीचा तांदूळ, बाजरी, ज्वारी ही सारी निर्धोक धान्ये. उपवासाची भगर, राजगिरा, साबुदाणा तर ज्येष्ठांच्या परिचयाचेच. मिसळ खावी, पाव वगळावा. तर्रीतील मसाला व फरसाण मात्र विचारून घ्यावे. खपली गहू पचायला हलका म्हणून चालेल, हा समज चुकीचा आहे. रवा, शेवया, कुरडई ही गव्हाचीच रूपे. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा असतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असू शकतो, आणि माल्टयुक्त पेयांत जव असते.

खरा धोका असतो तो गिरणीत. गव्हामागून दळलेल्या बाजरीत गव्हाचे पीठ मिसळतेच. म्हणून घरघंटी वेगळी ठेवावी अथवा धान्य घरीच मिक्सरवर दळावे. परात, चाळणी, पोळपाट-लाटणेही स्वतंत्र असावे. विकत घेताना वेष्टनावरील ‘ग्लूटेनमुक्त’ ही नोंद पाहावी. आपल्याकडील नियमांनुसार अशा पदार्थांत किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन चालत नाही. औषधांतील घटकांविषयीही डॉक्टरांना विचारावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ज्येष्ठांचे आतडे भरून येण्यास अधिक काळ लागतो, धीर धरावा. पथ्य पाळूनही वजन घटत राहिल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जावे. आई-वडील, भावंडे व मुले यांचीही तपासणी करून घेणे हिताचे. आणि सणाच्या दिवशी आजींपुढे निराळे ताट वाढण्याऐवजी सर्वांसाठीच तांदळाची खीर व नागलीची भाकरी करावी. पथ्य एकट्याचे राहिले नाही, की ते पाळणे सोपे जाते.