ती चाल कुणाची?



मुलाकडे स्टुटगार्टला तीन महिने राहून आलेले आमच्या गल्लीतले एक काका परवा मला म्हणाले, "तुम्ही पत्रकार सगळीकडे राजकारण घुसडता. तिथे एक जुना सिनेमा पाहिला. डोंगर, गाणी, प्रेम. राजकारणाचा वाससुद्धा नाही!" येताना त्यांनी फ्रिजवर लावायचं एक मॅग्नेटही आणलंय, लाल गोंड्यांची टोपी घातलेल्या मुलीचं.

सिनेमा म्हणजे 'श्वार्त्सवाल्डमेडेल', ब्लॅक फॉरेस्टची पोर. १९५० सालचा, दिग्दर्शक हान्स डेप्पे. युद्धानंतर जर्मनीत बनलेल्या पहिल्या रंगीत सिनेमांपैकी एक. मीही बघितला. खोटं कशाला बोलू, मजा आली. ती टोपी खरं तर तीनच गावांची, कुमारिकांचे गोंडे लाल, लग्न झालेल्यांचे काळे. झोन्या त्सीमानने ती पडद्यावर घातली आणि अख्ख्या डोंगराची खूण होऊन बसली.

प्रेक्षक किती? सुमारे दीड कोटी. आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी असलेलं फ्रायबुर्ग नोव्हेंबर १९४४ मध्ये एका रात्रीत बॉम्बने बेचिराख झालं होतं. घर गेलेल्या माणसाला दोन तास हिरवा डोंगर बघावासा वाटला, तर त्यात पाप नाही.

पण काका, त्या चाली कुणाच्या?

हा सिनेमा १९१७ च्या एका ऑपेरेटावरून केलाय. ऑपेरेटा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा हलकाफुलका चुलत भाऊ समजा. संगीतकार लेऑन येसेल. जन्माने ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेला आणि स्वतःला पक्का जर्मन समजणारा. नाझी सत्तेत आले आणि त्याच्या संगीतावर बंदी आली. ज्यूंच्या छळाबद्दल त्याने एका पत्रात मन मोकळं केलं होतं, ते पत्र झडतीत सापडलं. डिसेंबर १९४१ मध्ये गेस्टापोने त्याला उचललं, मारहाण केली. ४ जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या ज्यू रुग्णालयात तो गेला.

त्यानंतर आठ वर्षांनी देश त्याच्याच चाली गुणगुणत होता!

डिप्लोमाच्या वर्गात आम्हाला बातमीचे सहा 'क' घोकून घेतले होते. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. या सिनेमाने पहिला आणि पाचवा 'क' गाळला. आणि गोष्टीत प्रेमात पडलेला म्हातारा संगीतकार कोणी केलाय? पाउल होर्बिगरने. तो स्वतः १९४५ मध्ये गेस्टापोच्या कोठडीत होता. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. माहीत असूनच डोंगराकडे तोंड केलं होतं. याला तुम्ही निखळ करमणूक म्हणा. माझ्या मते, काय दाखवायचं नाही हे ठरवणं हेही राजकारणच आहे, आणि तिकीटबारीवर धो धो चाललेलं राजकारण आहे.

काल हे सगळं काकांना सांगितलं. म्हणाले, "आता गाणी ऐकताना तो माणूस आठवणार रे."

आठवू दे की.