विश्लेषण : ‘तोडणी पूर्ण’ म्हणजे नेमके काय, हे एआय एजंटला कोण सांगणार?

बीड-परळी रस्त्यावरच्या तेलगावला लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात अशा कोणत्याही कारखान्याच्या शेतकी विभागात शेकडो कामे एकमेकांत गुंतलेली असतात. कोणाचा प्लॉट, कोणती टोळी, कोणते वाहन, किती खेपा, हे सारे रोज जुळवावे लागते. संगणकाच्या भाषेत यालाच प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात. राज्य सरकारने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले आहे. ऊसशेतीतील एआयचा प्रयोग बारामतीत झाला आहे. उद्या तोडणी कार्यक्रमही एआय एजंटकडे द्यायचा झाला, तर आधी काय करावे लागेल?

एआय एजंट म्हणजे काय?

चॅटबॉट विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. एजंट त्यापुढे जाऊन काम करतो. नोंद उघडतो, तारीख बदलतो, संदेश पाठवतो. जिरा, असाना, ट्रेलो यांसारख्या साधनांत प्रत्येक कामाची नोंद असते : ते कोणाकडे आहे, कधीपर्यंत करायचे, कोणत्या कामानंतर करायचे आणि सध्या कोणत्या टप्प्यावर आहे. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मुळे एजंटला अशी साधने जोडणे सोपे झाले. मात्र जोडणी झाली म्हणजे त्याला काम समजले, असे होत नाही.

माणसांसाठीची पुस्तिका का पुरत नाही?

नवा चिटबॉय पहिल्या आठवड्यात चुकतो, जुन्या माणसाला विचारतो आणि शिकतो. एजंटला शेजारी बसून शिकवणारे कोणी नसते. वेगळी सोय केली नसेल तर कालच्या कामातले त्याला आज काही आठवत नाही. समोर लिहिलेले असेल तेवढेच त्याच्यासाठी खरे. साधी ‘तोडणी पूर्ण’ ही नोंद घ्या. मुकादमाच्या लेखी शेवटची मोळी गाडीत चढली की तोडणी पूर्ण. वाहनचालकाच्या लेखी वजनकाटा झाला की पूर्ण. शेतकी विभागाच्या लेखी त्या प्लॉटची शेवटची खेप नोंदली गेली की पूर्ण. माणसे हा फरक फोनवर निस्तरतात. एजंटने मात्र पहिली खेप काट्यावर येताच नोंद बंद करून टोळी दुसऱ्या गावी पाठवली, तर राहिलेला ऊस फडातच वाळतो. तोडलेल्या उसाचे वजन आणि साखर उतारा दर तासाला घटत जातो.

मग लिहायचे काय?

प्रत्येक टप्प्याचा एकच अर्थ लिहायचा. वजन टनांत की क्विंटलमध्ये, तारीख लागवडीची की नोंदणीची, हे स्पष्ट करायचे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचा क्रम कसा लागतो, आग लागलेल्या उसाला पाळी सोडून कधी घ्यायचे, हेही लिहायचे. कोणता बदल परत फिरवता येतो आणि कोणता नाही, ते वेगळे दाखवायचे. बरोबर आणि चूक नोंदीचे एकेक उदाहरण द्यायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एजंटने कुठे थांबून माणसाला विचारायचे, हे ठरवून द्यायचे. हे सारे थोडक्यात हवे. शंभर पानांत महत्त्वाची सूचना हरवते.

लिहिले की धोका टळला?

नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट कंपनीच्या एजंटने, बदल करू नको अशी स्पष्ट सूचना असतानाही, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी ही चूक जाहीरपणे मान्य केली आणि चाचणीचा डेटाबेस चालू डेटाबेसपासून वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली. लेखी नियम समज देतो, कुलूप लावत नाही. म्हणून पाळी बदलणे, नोंद रद्द करणे, रक्कम ठरवणे हे अधिकार एजंटला देऊच नयेत. त्याने शिफारस करावी, सही माणसाची असावी आणि प्रत्येक बदलाची नोंद राहावी.

शेतकऱ्याचा यात काय संबंध?

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी लागते. म्हणजे पाळी लांबली की पैसेही लांबतात. टोळीची मजुरीही काट्यावर नोंदलेल्या टनांवरच ठरते. आज पाळीचे बरेच नियम अलिखित आहेत, आणि ओळखीच्या माणसाचा ऊस आधी तुटतो ही तक्रार गावोगाव ऐकू येते. जुन्या नोंदी पाहून एजंटला शिकू दिले, तर हीच सवय तो नियम समजून पुढे चालवील. नियम लिहायला बसले की मात्र कोणाला तरी ठरवावेच लागेल, की खरा क्रम कोणता.

म्हणून एजंटसाठी केलेली ही नियमवही केवळ संगणक विभागाच्या कपाटात राहू नये. ती मराठीत असावी आणि गट कार्यालयाच्या भिंतीवर लागावी. आपला प्लॉट मागे का राहिला, हे विचारायला आलेल्या शेतकऱ्याला त्या भिंतीकडे बोट दाखवून उत्तर देता आले पाहिजे. ते जमेपर्यंत पाळीचे काम यंत्राच्या हाती देण्याची घाई कोणत्याही कारखान्याने करू नये.