खेळांतील निवड व तिची जबाबदारी

सुटीच्या दिवसांत एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला, तेव्हां त्यांचे चिरंजीव पडद्यासमोर बसले होते व मातुःश्री स्वयंपाकघरांतून हांका मारीत होत्या. "हा काय खेळतो तेंच समजत नाहीं. नुसतें वाचीत बसतो आणि मध्येंच एक कळ दाबतो," अशी त्यांची तक्रार होती. आम्हीं जवळ जाऊन पाहिलें, तों मुलगा गोळ्या झाडीत नव्हता कीं मोटारी पळवीत नव्हता. खेळांतील एका म्हाताऱ्यास काय उत्तर द्यावें ह्याचा तो विचार करीत होता. ज्या खेळांत असा विचार करावा लागतो त्यांविषयीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगावे, असें त्या दिवशीं आमच्या मनांत आलें.

ह्या व्हिडीओ खेळांस रोल-प्लेइंग गेम असें म्हणतात. त्यांत खेळणारा एखादी भूमिका घेतो व तिच्या वतीनें बोलतो. नाटकांतील नटाचें भाषण नाटककारानें आधींच ठरविलेलें असतें. येथें वाटेंत भेटणारा मनुष्य कांहीं बोलतो, पडद्यावर तीनचार उत्तरें येतात व त्यांतून एक खेळणारानें निवडावयाचें असतें. हीं सर्व उत्तरें खेळ रचणारानेंच लिहून ठेविलेलीं असतात हें खरें. परंतु त्यांतून कोणतें द्यावें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. आमचें म्हणणें असें कीं, ह्या खेळांची खरी किंमत त्यांतील चित्रांवर किंवा लढायांवर नसून ह्या उत्तरांच्या रचनेवर आहे. जेथें दिलेल्या उत्तराची जबाबदारी खेळणारावर येऊन पडते, तो खेळ मनाला कांहीं शिकवितो. जेथें ती पडत नाहीं तेथें उत्तरें कितीहि असोत, तीं केवळ शोभेचींच होत.

उदाहरणादाखल रिचर्ड गॅरियट ह्यांचा 'अल्टिमा' मालेंतील चौथा खेळ घेऊं. हा १९८५ सालीं अमेरिकेंत निघाला. एखाद्या दुष्टास ठार करावें व विजयी व्हावें, असा अशा खेळांचा तोंपर्यंतचा नेहमींचा शेवट असे. ह्या खेळांत तसा मुख्य शत्रूच नाहीं. प्रामाणिकपणा, दया, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आध्यात्मिकता व नम्रता हे आठ गुण अंगीं बाणवून 'अवतार' ह्या पदास पोंचणें हें त्याचें ध्येय आहे. आणि हा शब्द आपल्या संस्कृतांतूनच तिकडे गेलेला आहे. आरंभींच एक भविष्य सांगणारी स्त्री खेळणारास पेंचांत पाडणारे प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नांत दोन्ही बाजूंस सद्गुणच असतो. प्रामाणिकपणा राखावा तर दया सुटते, दया करावी तर न्याय सुटतो. जीं उत्तरें द्यावीं त्यांवरून आपली भूमिका ठरते.

ह्याच खेळांत मंत्रसामग्री विकणारी एक आंधळी बाई आहे. मालाची किंमत ती सांगते, पण नाणीं किती द्यावयाचीं तो आंकडा खेळणारानेंच लिहावयाचा असतो. कमी नाणीं दिलीं तरी माल मिळतो. कोणी ओरडत नाहीं, कोणी शिपाई धांवून येत नाहीं. मात्र खेळाच्या पोटांत प्रामाणिकपणाचा हिशेब चाललेला असतो व त्यांतून तितके गुण मुकाट्यानें वजा होतात. पुढें त्या गुणाची परीक्षा येते तेव्हां मागची लबाडी आड येते. आम्हांस ही रचना फार मोलाची वाटते. मोहाच्या क्षणीं मनुष्य एकटा असतो, आणि ह्या खेळानें खेळणारास तसाच एकटा सोडला आहे.

आतां ह्याच्या उलट प्रकार पाहूं. कॅनडांतील बायोवेअर कंपनीनें २००७ सालीं 'मास इफेक्ट' नांवाचा खेळ काढला. त्यांत उत्तरें एका चक्राभोंवतीं मांडलेलीं असतात. बहुधा वरचें उत्तर सौम्य व उदार, खालचें कठोर व उद्धट, अशी व्यवस्था असते. पडद्यावर दोनचार शब्दच दिसतात; पूर्ण वाक्य नायक मागाहून बोलतो. सोय मोठी आहे, परंतु तिचा परिणाम काय होतो तो पाहा. थोड्याच वेळांत खेळणारास सवय लागते व तो शब्द वाचीनासा होतो. उत्तर वर आहे कीं खालीं एवढेंच तो पाहतो. २०१० सालच्या दुसऱ्या भागांत तर एका बाजूचे गुण पुष्कळ सांठले म्हणजे कांहीं विशेष उत्तरें खुलीं होतात. मग एकदां धरलेली बाजू सोडण्यांत तोटाच असतो.

वर्गांत प्रश्न विचारला असतां शिक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचें उत्तर बरोबर येतें, परंतु तें त्यांचें नसतें. ह्या चक्रानें खेळणाराचें तसेंच होतें. त्या कंपनींत पूर्वीं काम केलेल्या एका रचनाकारानें २०२० सालीं असें सांगितलें कीं, सुमारें ९२ टक्के खेळणारांनीं सज्जनाचाच मार्ग धरला होता. बातमी आनंदाची आहे. पण ज्या उत्तरावर 'चांगलें' अशी चिठ्ठी आधींच लाविलेली आहे तें निवडण्यांत कितीसा चांगुलपणा लागतो, अशी शंका आमच्या मनांत राहते.

न्याय करावयाचा तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्याच २००७ सालच्या खेळांत एक प्रसंग फार उत्तम आहे. दोन सहकारी दोन ठिकाणीं संकटांत सांपडतात व त्यांपैकीं एकालाच वांचवितां येतें. तेथें चक्राचें वर-खालीं उपयोगी पडत नाहीं. दोघांबरोबर आपण प्रवास केलेला असतो, दोघांचीं मनें ओळखलेलीं असतात. आणि ज्याला सोडावें त्याची जागा पुढें शेवटपर्यंत रिकामी दिसते. ज्यांनीं चिठ्ठ्या लाविल्या त्यांनींच हा प्रसंगहि लिहिला. चिठ्ठीवांचून लिहितां येतें हें ह्यावरून सिद्ध होतें.

आणखी दोन खेळांचा उल्लेख करणें जरूर आहे. १९९७ सालच्या 'फॉलआउट' ह्या खेळांत अखेरचा प्रतिपक्षी सर्व मनुष्यांस एका नव्या जातीच्या प्राण्यांत बदलूं पाहतो. त्याच्याशीं लढतां येतें. परंतु त्या नव्या जातीस संतति होऊं शकत नाहीं हें खेळणारानें हिंडून शोधून काढलें असेल, तर तें पुराव्यासह त्याच्यापुढें मांडतां येतें, आणि आपला सारा बेतच फोल आहे हें त्याला पटवितां येतें. शस्त्रानें जें व्हावयाचें तें येथें शब्दानें होतें. मात्र त्या शब्दामागें शोधाचे श्रम असावे लागतात. 'मी तुझें मन वळवितों' असें बटण दाबून मन वळत नाहीं. वादविवाद-मंडळांतील आमच्या तरुण वक्त्यांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें.

दुसरा खेळ १९९९ सालचा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'. त्यांत कित्येक ठिकाणीं एकच वाक्य दोनदां लिहिलेलें आढळतें. एकावर 'सत्य' व दुसऱ्यावर 'असत्य' अशी खूण असते. ऐकणारास दोन्ही सारखींच ऐकूं येतात. फरक बोलणाराच्या हेतूंत आहे, आणि खेळ तो फरक मोजतो. अश्वत्थाम्याविषयीं युधिष्ठिर जें बोलला त्यांतील शब्द खरे होते, तरी त्याचा रथ भूमीला टेकला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. एखाद्या संगणकाच्या खेळांत तीच गोष्ट इतक्या साधेपणानें मांडलेली पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, खेळांत जबाबदारी कसली? चूक झाली तर मागें जाऊन पुनः खेळावें. हा आक्षेप खरा आहे. ठिकठिकाणीं खेळ 'सेव्ह' करून ठेवावा, उत्तर देऊन पाहावें, परिणाम न आवडल्यास मागें फिरावें, ही रीत सर्वत्र रूढ आहे. तिच्यावर टोबी फॉक्स ह्यांनीं २०१५ सालच्या 'अंडरटेल' खेळांत नामी तोड काढली आहे. त्यांत आरंभीं टोरिएल नांवाची एक प्रेमळ राक्षसीण भेटते व खेळणाराची वाट अडविते. तिला मारतां येतें, अथवा न मारतांहि पुढें जातां येतें. कोणी तिला मारलें, मागाहून वाईट वाटून तो मागें फिरला व दुसऱ्या खेपेस तिला जिवंत सोडलें, तरी पुढें भेटणारें एक फूल त्याला बजावतें कीं, तूं आधीं काय केलेंस तें मला ठाऊक आहे. पाटी पुसली तरी पुसणारास आठवण राहतेच, एवढेंच तें फूल सांगतें.

पालकांची दुसरी भीति अशी कीं, खेळांत खोटें बोलण्याची मोकळीक दिली तर मुलगा बाहेरहि खोटें बोलेल. ही भीति आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु जेथें खोटें बोलतांच येत नाहीं तेथें खरें बोलण्यांत पुरुषार्थ कोणता? वाईट वाट बंद करून टाकणें हा उपाय आम्हांस पसंत नाहीं. ती वाट कोठें जाते हें खेळानें प्रामाणिकपणें दाखवावें. मात्र ह्या खेळांपैकीं कित्येक प्रौढांसाठीं केलेले असतात व किती वयाच्या मनुष्यास ते योग्य आहेत हें त्यांवर छापलेलें असतें. तें न पाहतां खेळ मुलांच्या हातीं देणें हा पालकांचाच दोष होय. तसेंच रात्रीं दोन वाजेपर्यंत चालणारा कोणताहि खेळ चांगला नव्हे, मग त्यांत कितीहि सद्गुण असोत.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें असे खेळ स्वतः रचील, अशी आम्हांस आशा आहे. त्यानें तो मराठींत लिहावयास घेतला तर एक गोष्ट त्याच्या तत्काळ लक्षांत येईल. इंग्रजींत समोरच्या कोणासहि एकच शब्द चालतो. मराठींत प्रत्येक उत्तर लिहितांना नायकानें म्हाताऱ्यास 'तूं' म्हणावें, 'तुम्ही' म्हणावें कीं 'आपण' म्हणावें, हें आधीं ठरवावें लागतें. मजकूर तोच ठेवून केवळ हा शब्द बदलला तरी स्नेह, आदर किंवा अपमान प्रकट होतो. चक्रावर वर-खालीं मांडून जें दाखवावें लागतें तें आपली भाषा एका शब्दांत करिते. ह्या देणगीचा उपयोग करावयास कोणी तरी पुढें यावें.

विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें इतकेंच कीं, असा खेळ खेळाल तेव्हां तयार उत्तरें दुसऱ्याकडून मागूं नका व दिलेलें उत्तर एकदां तरी मागें न फिरतां निभावून न्या. पालकांस विनंति अशी कीं, खेळ बंद करावयास सांगण्यापूर्वीं अर्धा तास मुलाजवळ बसावें व "हेंच उत्तर तूं कां दिलेंस?" असें त्याला विचारावें. आम्हीं त्या दिवशीं त्या मुलास तेंच विचारलें. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "म्हाताऱ्याला खरें सांगितलें असतें तर तो रडला असता." त्याचें उत्तर बरोबर कीं चूक ह्याचा निकाल आम्हीं दिला नाहीं. मातुःश्री मात्र हातांतलें काम टाकून बाहेर आल्या व तो म्हातारा कोण म्हणून मुलास विचारूं लागल्या.