परमनंट, पण दिवस मोजून

‘परमनंट’ हा शब्द आपल्या घरांत रुळला तो नोकरीमुळे. बँकेत, एसटीत, शाळेत लागलेल्या माणसाला नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘परमनंट झालास का?’ ‘हो’ म्हटलं की विषय संपला. मग गृहकर्ज मिळतं, स्थळं यायला लागतात. परमनंट म्हणजे आता कुणी काढू शकत नाही. हाच अर्थ डोक्यात घेऊन आपण ‘परमनंट रेसिडेन्सी’ ही जोडी वाचतो आणि फसतो.

सध्या आपल्या कॉलेजांच्या आसपास पीआर हे परदेशी शिक्षणाचं दुसरं नाव झालंय. कोर्स कोणता, यापेक्षा ‘त्यानंतर पीआर मिळतं का’ हे आधी विचारलं जातं. लग्नाच्या बायोडेटात पगाराच्या शेजारी ‘कॅनडा पीआर’ लिहिलेलं असतं. सल्लागारांच्या पाट्यांवर तर एकदा पीआर मिळालं की सुटलात, असाच सूर असतो. पीआर कसं मिळवायचं यावर तासभर बोलणारे लोक ते टिकवायचं कसं यावर दोन मिनिटंही बोलत नाहीत. आणि ज्यांना नोकरीसाठी सतत विमानात बसावं लागणार आहे, त्यांच्यासाठी खरा पेपर तिथेच आहे.

कॅनडाचंच घेऊ, कारण आपल्यातले बरेच जण तिथे डोळे लावून बसलेत. तिथला कायदा सांगतो की पीआर असलेल्या माणसाने कुठल्याही पाच वर्षांत किमान ७३० दिवस देशात काढले पाहिजेत. म्हणजे पाचपैकी दोन वर्षं. ती सलग असायची गरज नाही. ऐकायला एकदम सोपं. पण ही पाच वर्षं कार्डावरच्या तारखेशी बांधलेली नाहीत. तुम्ही अर्ज कराल किंवा विमानतळावर अधिकारी विचारेल, त्या दिवसापासून मागे पाच वर्षं मोजतात. हा काळ रोज एक दिवस पुढे सरकतो. जुन्या काळात भरपूर राहिलो होतो, म्हणून आता निवांत बाहेर राहू, असं म्हणणाऱ्याचे जुने दिवस एकेक करून हिशेबातून गळत असतात. पीआर मिळून पाच वर्षं झालेली नसतील, तर उरलेल्या काळात ७३० भरणं शक्य आहे का, एवढंच पाहतात.

दिवस मोजून परमनंट ठरणं आपल्याला तसं नवं नाही. २४० दिवसांचं गणित महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत चहाच्या टपरीवर ऐकायला मिळेल. कामगाराचे २४० दिवस भरू नयेत म्हणून मध्येच ‘ब्रेक’ देणारे मालकही आपल्या ओळखीचे आहेत. फरक इतकाच की तिथे दिवस भरले की परमनंट होता येतं. पीआरमध्ये परमनंट झाल्यावर दिवस भरायला सुरुवात करायची असते, आणि नागरिकत्व घेईपर्यंत ते भरतच राहायचे असतात.

आता कामासाठी फिरणाऱ्याचा हिशेब मांडून बघू. समजा, एक मुलगी टोरंटोत राहते आणि कन्सल्टिंगमध्ये आहे. दर सोमवारी सकाळी अमेरिकेतल्या क्लायंटकडे जाते, शुक्रवारी रात्री परत येते. वरवर बघता आठवड्यातले पाच दिवस ती बाहेर आहे. पण नियमात दिवसाचा काही भाग देशात घालवला तरी तो पूर्ण दिवस धरतात. त्यामुळे सोमवार तिचा, शुक्रवारही तिचा. गेले ते मंगळ, बुध, गुरू. वर्षाचे ५२ आठवडे असेच गेले तरी वर्षाला १५६ दिवस जातात, पाच वर्षांत ७८०. पाच वर्षांचे साधारण १,८२६ दिवस धरले तर देशात भरले १,०४६. पीआर कार्डाचं नूतनीकरण आरामात होईल.

पण याच मुलीला नागरिकत्व हवं असेल, तर अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात. ती ४९ दिवसांनी हुकली. म्हणजे पीआर शाबूत, पण त्यातून सुटका नाही.

याउलट तिच्याच टीममधल्या एखाद्याला प्रोजेक्टसाठी साडेतीन वर्षं दुबईत किंवा बंगळुरूत बसवलं, तर त्याच्याकडे दीड वर्ष उरतं. दोन वर्षं त्यात बसत नाहीत. दर आठवड्याला विमान पकडणारी सुरक्षित, आणि एकदाच जाऊन बसलेला अडचणीत. फिरणं धोक्याचं आणि एका जागी बसणं सुरक्षित, हा आपला अंदाज इथे उलटा पडतो.

यावर कायद्यात एक पळवाट आहे. पळवाट कसली, सवलतच म्हणू. कॅनडातल्या कंपनीने किंवा तिथल्या सरकारने तुम्हाला पूर्णवेळ कामासाठी परदेशी नेमलं, तर ते दिवस ७३० मध्ये धरले जातात. कॅनडाचा नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशी राहिलात तरी दिवस धरले जातात. पण यातला ‘नेमलं’ हा शब्द नीट वाचायला हवा. हिंजवडीतल्या एका ऑफिसात तीन जण शेजारी-शेजारी बसलेत अशी कल्पना करा. तिघांकडेही पीआर आहे. पहिल्याला कंपनीने टोरंटोहून दोन वर्षांसाठी पाठवलंय, परतल्यावर त्याची जागा तिथे ठेवलेली आहे. दुसऱ्याला त्याच कंपनीने पुण्यातच मुलाखत घेऊन पुण्यातच कामावर ठेवलंय. तिसरी फ्रीलान्सर आहे, क्लायंट सगळे कॅनडातले. काम तेच, लॅपटॉप तसाच, कँटीनही एकच. पहिल्याचे दिवस धरले जाण्याची शक्यता चांगली आहे. उरलेल्या दोघांचे नाहीत. तिसरी कॅनडात कर भरत असेल तरीही नाहीत, कारण भरलेला कर दिवसांच्या जागी चालत नाही.

मला हा नियम अर्धाच पटतो. देशात राहतो असं सांगून पीआर घ्यायचं आणि आयुष्य दुसरीकडे काढायचं, याला कुठलंही सरकार हरकत घेणारच, आणि पाचात दोन वर्षं ही मागणी तशी उदारच आहे. पण माणसाची नाळ कुठे आहे हे त्याला पगार देणारी कंपनी कोणती यावरून ठरवणं जुन्या जगातलं वाटतं. मोठ्या कंपनीतला मॅनेजर वाचतो, कारण त्याच्यासाठी कागद बनवणारा एचआर विभाग आहे. स्वतःच्या हिमतीवर काम करणारी मुलगी अडकते. फ्रीलान्सिंगचं, स्टार्टअपचं कौतुक सगळे देश करतात, मग त्यांच्या इमिग्रेशन खात्यांनाही ते कधीतरी कळायला हवं.

आता कार्डाबद्दल. कार्डाची मुदत सहसा पाच वर्षांची असते, आणि मोठा घोळ इथेच होतो. कार्ड म्हणजे पीआर नव्हे. कार्ड संपलं म्हणून दर्जा जात नाही, आणि कार्डावर दोन वर्षं शिल्लक आहेत म्हणून दर्जा सुरक्षित असतोच असंही नाही. दर्जा जायला औपचारिक निर्णय व्हावा लागतो किंवा तुम्ही स्वतः तो सोडावा लागतो. कार्डाचं खरं काम विमानात बसताना. वैध कार्ड नसेल तर कॅनडाला निघालेलं विमान तुम्हाला घेत नाही. बाहेर असताना कार्ड संपलं तर परतण्यासाठी वेगळं प्रवासपत्र मागावं लागतं, आणि ते मागितलं की दिवसांची मोजणी सुरू होते. दिवस कमी भरले आणि नकार आला, तर अपिलासाठी ६० दिवस मिळतात. तिथे आजारपण, घरची अडचण, मुलांचं हित अशा माणुसकीच्या कारणांचा विचार होऊ शकतो. होईलच, असं मात्र कुणी लिहून देत नाही.

म्हणूनच ज्यांचे दिवस कमी पडलेत, पण जे कॅनडात आहेत, त्यांतले काही जण कार्ड संपलं तरी नूतनीकरणाचा अर्ज लगेच करत नाहीत. देशातच थांबतात, दिवस भरतात, मग अर्ज करतात. हिशेबाने हे बरोबर आहे. पण त्या महिन्यांत नाशिकहून किंवा साताऱ्याहून फोन आला की बाबांना ऍडमिट केलंय, तर काय करायचं? निघता येतं. परतायचं कसं, हा प्रश्न असतो. पाट्यांवर लिहिलेल्या पीआरमध्ये ही रात्र नसते.

बाकी देशांची तऱ्हा थोडी-थोडी वेगळी. ऑस्ट्रेलियात दर्जा राहतो, पण बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी पाच वर्षांची असते. पुढे ती वाढवताना पाचात दोन वर्षं राहिलात का हे पाहतात. ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी असलेला माणूस सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिला तर ती सहसा आपोआप संपते. सिंगापूरमध्ये परत येण्याचा परवाना वेगळा असतो, तो सांभाळावा लागतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड साधारण दहा वर्षांचं असतं. तिथे ७३० सारखा आकडा नाही, आणि मला तेच जास्त अवघड वाटतं. तुमचं खरं घर अमेरिकेतच आहे ना, हे अधिकारी तुमच्या घरावरून, नोकरीवरून, कर-विवरणावरून ठरवतो. वर्षभराहून जास्त बाहेर राहायचं असेल तर निघण्यापूर्वीच, अमेरिकेत असतानाच, री-एन्ट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. सहा महिन्यांनी एकदा आठवडाभर तोंड दाखवून यायचं आणि कार्ड जिवंत ठेवायचं, ही युक्ती घरोघर सांगितली जाते. तिच्या भरवशावर राहू नये.

कुणी म्हणेल, मग नागरिकत्वच घेऊन टाकावं, मोजणीच नको. बरेच जण तेच करतात. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तिकडचा पासपोर्ट घेतला की इकडचा सोडावा लागतो, मतदानाचा हक्क जातो. गावाकडची शेतजमीन वारशाने आली तर ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. त्याबदल्यात ओसीआय कार्ड मिळतं आणि गंमत म्हणजे ते आयुष्यभराच्या व्हिसासारखं असतं. वर्षातून किती दिवस भारतात राहिलात, हे ओसीआयवाल्याला कुणी विचारत नाही. ज्याला भारतीय पासपोर्ट जपायचाय आणि कॅनडातलं घरही ठेवायचंय, तो मात्र निवृत्त होईपर्यंत कॅलेंडर घेऊन बसणार.

यात सगळ्यात अवघड अवस्था जहाजावरच्यांची. कोकणातून, मुंबईतून मर्चंट नेव्हीत जाणारी मुलं कमी नाहीत, आणि त्यांच्यातही कुटुंबासाठी पीआर घेण्याचा विचार चालतो. समजा, चार महिने जहाजावर, चार महिने सुट्टी, असं चक्र आहे. वर्षातले साधारण १८२ दिवस जमिनीवर. पाचात ७३० म्हणजे वर्षाला सरासरी १४६. ते कॅनडात काढले तर हातात उरतात ३६. त्यात रत्नागिरीतले आईवडील, गणपती, लग्नंकार्यं, जहाजावर चढण्याआधीची वैद्यकीय तपासणी आणि कोर्सेस, सगळं बसवायचं. आणि जहाज कंपनी परदेशी असेल, तर समुद्रावरचा एकही दिवस सवलतीत मिळत नाही.

दिवस सिद्ध करणं हे आणखी एक काम. नूतनीकरणाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतला परदेश प्रवास तारखांसकट लिहावा लागतो. पासपोर्टवरचे शिक्के बघून लिहू, असं म्हणाल तर अनेक विमानतळांवर आता स्वयंचलित दरवाजे आहेत, शिक्का मारतच नाहीत. तिकडे कॅनडा आता येणाऱ्यांची तशी जाणाऱ्यांचीही नोंद ठेवतो. म्हणजे तुमच्याकडे शिक्के नाहीत आणि त्यांच्याकडे सगळ्या तारखा आहेत. बोर्डिंग पास, तिकिटांचे ईमेल आणि एक साधी एक्सेल शीट पहिल्या प्रवासापासून ठेवली, तर पाच वर्षांनी आठवणीवर विसंबायला नको.

हे सगळं अर्थात पीआर हातात आल्यानंतरचं. त्याआधी, म्हणजे आत्ता, शैक्षणिक कर्जावर वडिलांची सही घेण्यापूर्वी, सल्लागाराला विचारण्यासारखं बरंच आहे. मी ज्या क्षेत्रात जातोय त्यात प्रवास किती? पीआर मिळाल्यावर ऑफर आली तर करार कुठल्या देशातल्या कंपनीशी होईल? परदेशी पाठवलं तर मुदत किती, आणि परतल्यावर जागा ठेवू हे लेखी देतील का? एचआरकडून हे पत्र नेमणुकीच्या वेळी मिळतं. तीन वर्षांनी मागायला गेलात तर तो एचआर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.