परवाना खिशात, बेड्या हातात



बैठकांमध्ये अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. कापूस-सोयाबीनने खर्च निघत नाही, मग उत्तराखंडासारखा भांगेच्या शेतीचा परवाना आम्हाला का नाही? विचारणाऱ्याला कोणी हसू नये. या झाडाचा धागा आणि बियांचे तेल यांना खरोखर गिऱ्हाईक आहे. नशाबाजीशी आमचे काही देणेघेणे नाही. पण ज्यांनी ऊस झोनबंदीत आणि कापूस एकाधिकारात घातला, त्यांनी तरी परवाना हातात घेण्याआधी त्याची मागची बाजू वाचावी.

१९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने भांगेच्या लागवडीवर बंदी घातली. मात्र धाग्यासाठी किंवा बियांसाठी परवानगी देण्याची मुभा कलम १४ मध्ये सरकारकडे ठेवली. उत्तराखंडाने २०१८ साली असा परवाना दिला. अट अशी की झाडातले टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या आत हवे. शंभर किलो वाळल्या मालात तीनशे ग्रॅम.

हे तीनशे ग्रॅम कोणाच्या हातात आहेत? बियाण्याच्या, हवामानाच्या आणि तोडणीच्या दिवसाच्या. फुलोरा पक्व होत गेला की टक्का चढतो. रानभांगेचे पराग उडून आले की घरच्या बियाण्याचा भरवसा संपतो. पाहून काही कळत नाही, प्रयोगशाळेचा कागद म्हणेल ते खरे.

अमेरिकेतही २०१८ च्या कृषी कायद्याने मर्यादा ०.३ टक्केच ठेवली. तोडणीआधी तीस दिवसांच्या आत नमुना जातो. टक्का चढलेला निघाला तर पीक नष्ट करावे लागते किंवा फुलोरा काढून टाकावा लागतो, आणि नुकसान शेतकऱ्याचेच. पण २०२१ च्या नियमांप्रमाणे शेतकऱ्याने रास्त काळजी घेतली असेल आणि प्रमाण एक टक्क्याच्या आत असेल, तर त्याला हलगर्जीपणा म्हणत नाहीत. हलगर्जीपणा ठरला तरी तेवढ्यावरून फौजदारी होत नाही. पाच वर्षांत तीनदा ठरला, तर पाच वर्षे लागवड बंद.

आपल्याकडचे कलम २६ वाचा. परवानाधारकाने वाजवी कारणाशिवाय हिशेब ठेवला नाही, विवरणपत्र दिले नाही, मागितल्यावर परवाना दाखवला नाही, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याच्या वतीने काम करणारा सालगडीही त्यात येतो. परवान्याची अट जाणूनबुजून मोडली तरी हीच शिक्षा. 'जाणूनबुजून' या शब्दाने कोणी हायसे वाटून घेऊ नये. कलम ३५ प्रमाणे वाईट हेतू होता हे न्यायालय धरूनच चालते. नव्हता हे आरोपीने, म्हणजे तुम्ही, निःसंशय सिद्ध करायचे. बियाणे कंपनीचे, पाऊस देवाचा, आणि हेतू मात्र शेतकऱ्याचा!

मंदसौर-नीमचच्या अफू उत्पादकांना विचारा. उतारा सरकारी किमानीखाली गेला की पुढचा परवाना धोक्यात. गारपिटीने पीक झोपले, तर ते मोडतानाही खात्याचा माणूस बांधावर हवा.

आम्ही या पिकाच्या विरोधात नाही. राज्याने परवाने द्यायचे ठरवले, तर आधी चार गोष्टी कागदावर याव्यात: बियाण्याची लेखी हमी आणि टक्का चढल्यास भरपाई देणाऱ्याची जबाबदारी, जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी, एक टक्क्यापर्यंत सूट, आणि वहीतल्या चुकीला फौजदारीतून मुक्ती. याखेरीजचा परवाना म्हणजे इन्स्पेक्टरला आणखी एक कुरण.

तोवर दलालाच्या शब्दावर एक दाणाही पेरू नका. कंपनीच्या नावाचा परवाना दाखवला, तर त्यात तुमचा गट क्रमांक आणि क्षेत्र लिहिले आहे का ते पाहा. पिशवीवरचे लेबल, पावती, नमुना घेतल्याच्या पंचनाम्याची प्रत जपून ठेवा. वही रोजच्या रोज लिहा, घरात लिहिणारे कोणी नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा. आणि असल्या करारावर कोणी आधीच सही केली असेल, तर पुढच्या जिल्हा बैठकीला त्याची झेरॉक्स घेऊन यावे. वकील मंडळी हजर राहतील, तेथेच वाचून घेऊ.