दुरुस्तीचे गुण हे कमावलेलेच गुण

गणिताची चाचणी तपासून हाती आली की विद्यार्थ्याने चुकलेली उदाहरणे पुन्हा सोडवायची, चूक कुठे आणि का झाली ते लिहायचे आणि त्याबद्दल गेलेल्या गुणांपैकी काही परत मिळवायचे, ही पद्धत अमेरिकेतील अनेक शाळांत रुळलेली आहे. गेलेल्या गुणांपैकी निम्मे परत देण्याचा प्रकार त्यात विशेष आढळतो. महाराष्ट्रातील बहुतेक वर्गांत घटक चाचणीचे पेपर वाटले जातात, मुले गुणांची बेरीज पुन्हा करून पाहतात, राहिलेला अर्धा गुण मागून घेतात, पालकांची सही येते आणि पुढचे प्रकरण सुरू होते. चुकलेले उदाहरण चुकलेलेच राहते. दुरुस्तीला गुण द्यावेत असे सुचवले की चार आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप न्यायाचा आहे. ज्याने पहिल्याच वेळी बरोबर सोडवले, त्याच्यावर हा अन्याय नव्हे काय? याचे उत्तर गणितच देते. २० गुणांच्या चाचणीत १२ गुण मिळाले, तर गेलेल्या ८ गुणांपैकी जास्तीत जास्त ४ परत मिळून १६ होतात. १८ गुण मिळवणाराही दुरुस्ती करून १९ वर जातो. दोघांनी सारखेच काम केले, तर मागचा पुढच्याला गाठू शकत नाही. मागचा पुढे गेलाच, तर पुढच्याने दुरुस्ती न केल्यामुळे किंवा अर्धवट केल्यामुळे जातो, आणि त्यात अन्याय शोधून सापडणार नाही.

दुसरा आक्षेप असा की दुसरी संधी मिळणार म्हटल्यावर मुले आधी अभ्यासच करणार नाहीत. पण आधी अभ्यास केला तर पूर्ण गुण आणि नंतर केला तर निम्मे गुण, शिवाय लेखी कारणमीमांसेचे जास्तीचे काम, हा सौदा आळशाला परवडणारा नाही. कोरे सोडलेले प्रश्न दुरुस्तीसाठी धरायचे नाहीत, एवढा नियम केला की उरलेली पळवाटही बंद होते.

तिसरा आक्षेप गुणफुगवट्याचा. गुणांनी खरे बोलावे, हे मान्यच आहे. मात्र सत्राअखेरच्या प्रगतिपत्रकाने विद्यार्थ्याला त्या दिवशी काय येते ते सांगायचे असते. जुलैत न आलेले समीकरण ऑगस्टमध्ये येऊ लागले असेल, तर जुलैचाच आकडा कायम ठेवणे हे अर्धसत्य ठरते.

चौथा आक्षेप नकलेचा. शेजाऱ्याच्या वहीतून किंवा गाईडमधून उत्तर उतरवले तर? नुसत्या बरोबर उत्तराला गुण दिले, तर तसे होणारच. म्हणून गुण कारणाला आणि पडताळ्याला द्यायचे, दुरुस्ती वर्गातच करून घ्यायची आणि शंका आली तर त्याच प्रकारचे एक नवे उदाहरण फळ्यावर सोडवायला सांगायचे.

आक्षेपांचे निरसन झाले, तरी पद्धतीचे खरे बळ गणितातल्या चुकीच्या स्वभावात आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतील चुकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यातल्या कितीतरी चुका नियमबद्ध होत्या. मूल एक चुकीचा नियम मनाशी धरते आणि तो इमानेइतबारे पाळते. ५२ मधून ३८ वजा करताना प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करणारे मूल २६ लिहिते, आणि पुढच्या उदाहरणातही तेच करते. लाल फुलीने असा नियम मोडत नाही. तो कोणता होता हे मुलाला स्वतः दिसावे लागते.

५ − ३(क्ष − ४) = ८ हे समीकरण घ्या. विद्यार्थी कंस सोडवून ५ − ३क्ष − १२ = ८ असे लिहितो आणि त्याला क्ष = −५ मिळते. दुरुस्तीत तो आधी आपले उत्तर मूळ समीकरणात घालतो. डावी बाजू ३२ येते, उजवी ८ आहे. मग तो ओळी मागे मागे तपासत कंसापाशी येतो आणि लिहितो : ‘उणे ३ ने फक्त क्षला गुणले, उणे ४ ला गुणताना चिन्ह बदलले नाही.’ आता १७ − ३क्ष = ८, म्हणून क्ष = ३. पडताळ्यात दोन्ही बाजू ८ येतात. ‘चिन्हाची चूक’ असा शेरा शिक्षकाने कितीदा लिहिला तरी जे होत नाही, ते या एका वाक्याने होते, कारण ते वाक्य विद्यार्थ्याचे आहे.

बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये प्रभुत्व अध्ययनाची जी मांडणी केली, तिचाही गाभा हाच होता : चाचणीने उणीव दाखवावी, उणीव भरून काढावी, मगच पुढच्या घटकाकडे वळावे. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात, नुसता लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. अभिप्रायासोबत गुणही मिळालेल्यांची तशी सुधारली नाही. यातून कृतीचा एक धडा मिळतो. पेपर आधी चुकांखाली रेघा मारून, गुण न लिहिता परत द्यावा आणि दुरुस्तीनंतरच दोन्ही गुण एकत्र कळवावेत.

साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाचा भार वाढतो, ही अडचण खरी आहे. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या चुकांपैकी दोन-तीनच उदाहरणे निवडावीत आणि एक तासिका या कामाला राखून ठेवावी. पुढच्या प्रकरणात तीच चूक पुन्हा समजावण्यात जाणारा वेळ वाचतो, हेही हिशेबात धरायला हवे. आकारिक मूल्यमापनाच्या चौकटीत हे सहज बसते.

दहावीची बोर्ड परीक्षा मात्र या पद्धतीबाहेरच राहील. तिथे ठरावीक दिवशी, सर्वांना सारख्या अटींवर जोखायचे असते. घटक चाचणी शिकण्यासाठी असते, आणि तिच्यातली चूक शोधून, समजून, सुधारणे हे गणित शिकण्याचेच काम आहे. त्या कामाला गुण देणे ही मेहेरबानी नव्हे, ते योग्य मूल्यमापन आहे.