विश्लेषण : अमेरिकेतही शेतकऱ्याला कागदच नडला! कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची जमीन गेली कशी?

अमेरिका म्हटलं की हजार एकरांचं शेत आणि घराएवढा ट्रॅक्टर डोळ्यासमोर येतो. पण त्याच देशात एका समाजाचा शेतकरी शंभर वर्षांत संपत आलाय. १९२० साली तिथे सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते, म्हणजे दर सात शेतकऱ्यांमागे एक. २०२२ च्या कृषी गणनेत हा आकडा ४७ हजारांच्या आत आला. शंभरात दीडसुद्धा नाही.

कर्ज मिळायचं, पण पेरणी झाल्यावर

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा काही भागांत मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन द्यायचा आदेश निघाला होता. तो त्याच वर्षी फिरवला गेला. तरीही या लोकांनी पै-पै जोडून जमिनी घेतल्या. पुढे सरकारी कर्जासाठी गेले की अर्ज रखडायचा, नाहीतर हंगाम उलटल्यावर मंजूर व्हायचा. या भेदभावाविरुद्ध टिमोथी पिगफोर्ड आणि इतर शेतकरी १९९७ मध्ये कोर्टात गेले. १९९९ ला तडजोड झाली आणि सरकारला भरपाई द्यावी लागली. पण तोवर अनेकांची जमीन गेली होती.

वारस नोंदीचा घोळ

दुसरं कारण आपल्याला लगेच समजेल. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहिली. दोन पिढ्यांत वारस वीस-पंचवीस झाले. मग बाहेरचा खरेदीदार एकाचा हिस्सा विकत घ्यायचा, कोर्टात वाटणी मागायचा आणि सगळी जमीन लिलावात निघायची. कसणारा बघत राहायचा.

वादळ सगळ्यांवर, मदत काहींनाच

आता हवामान बदललंय. जॉर्जियात ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘मायकेल’ वादळाने वेचणीला आलेला कापूस झोपवला. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘हेलेन’ने पुन्हा तडाखा दिला. नुकसान गोऱ्या-काळ्या सगळ्यांचं झालं. पण सरकारी मदतीला ‘फार्म नंबर’ लागतो आणि त्यासाठी जमिनीचा हक्क दाखवावा लागतो. सामाईक जमीनवाले तिथेच अडकतात. २०१८ च्या कृषी कायद्याने अशा वारसांना दुसरे पुरावे चालतील अशी सोय केली, पण ती माहीत असेल त्यालाच उपयोगी.

२०२१ मध्ये वंशभेदाचा फटका बसलेल्या शेतकऱ्यांसाठी सुमारे ४०० कोटी डॉलरची कर्जमाफी जाहीर झाली. गोरे शेतकरी कोर्टात गेले, माफी अडली आणि २०२२ मध्ये ती तरतूदच रद्द झाली. त्याऐवजी भेदभाव झालेल्या कोणत्याही वंशाच्या शेतकऱ्यासाठी वेगळी योजना आली. २०२४ मध्ये त्यातून सुमारे ४३ हजार जणांना २०० कोटी डॉलर मिळाले. मात्र २०२५ मध्ये कृषी खात्याने वंशाच्या आधारावर प्राधान्य देणं बंद केलं.

मग टिकलं कोण?

जे एकत्र आले ते. दक्षिणेतल्या सहकारी संस्थांचा महासंघ १९६७ पासून काम करतोय. एकत्र विक्री, कर्जाच्या अर्जाला मदत आणि वारसांच्या कागदपत्रांसाठी वकील, हे त्याचं मुख्य काम. ‘एक होता कार्व्हर’ मुळे आपल्या घराघरांत पोचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर याच भागातले. कापसाने थकलेल्या जमिनीला भुईमुगाने जीव द्या, असं ते शेतकऱ्यांना बांधावर जाऊन सांगायचे. आजही मातीला तोच उपाय आहे, पण जमीन नावावर राहिली तर.

आपल्याकडे वंशाचा हा प्रश्न नाही, पण कागदाचा आहेच. मयत खातेदाराच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी २०२५ मध्ये राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली, यातच सगळं आलं. तुमच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर पुढच्या अतिवृष्टीची वाट पाहू नका. तलाठ्याकडे जाऊन आधी वारस नोंद करून घ्या.